आमची वाटचाल: सोसायटीचा ओला कचरा सोसायटीतच

मुलुंड पूर्वेला वडिलांची नर्सरी होती. कुंड्या, लाल माती, तुळस, जास्वंद, मोगरा आणि पोत्यांनी येणारं शेणखत. खत मुरबाड-शहापूरकडून टेम्पोनं यायचं, आणि कधीकधी खतापेक्षा भाडंच जास्त पडायचं. त्याच वेळी वारा फिरला की मुलुंडच्या डंपिंग ग्राउंडचा वास दुकानात भरायचा. ज्याचं खत होऊ शकतं ते इथे सडत पडलंय आणि आपण बाहेरगावाहून खत आणतोय, हे वडिलांना कधीच पटलं नाही. सोसायट्यांच्या ओल्या कचऱ्याचं तिथेच खत करून द्यायचा आमचा आजचा व्यवसाय त्यातूनच उभा राहिला.

जानेवारी 2016 मध्ये देवनारला आग लागली. 1927 पासून वापरात असलेल्या त्या डंपिंगचा धूर कितीतरी दिवस शहरावर होता, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. भाजीची देठं, उरलेला भात, माशांची डोकी ढिगाखाली हवेविना सडली की मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो आणि ढीग धुमसत राहतो. देवनारच्या आगीचं सरपण आपल्या ओट्यावरून जातं, असं मी तेव्हापासून प्रत्येक सोसायटीच्या सभेत सांगत आले आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. मग 2017 मध्ये पालिकेनं कळवलं: सोसायटीचं क्षेत्रफळ 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठं असेल किंवा रोजचा कचरा 100 किलोपेक्षा जास्त असेल, तर 2 ऑक्टोबरपासून ओला कचरा उचलणार नाही, आवारातच जिरवा.

कमिट्यांची धावपळ उडाली आणि यंत्रं विकणाऱ्यांचं फावलं. ‘चोवीस तासांत खत’ म्हणून लाखोंची यंत्रं आली. त्यातली बरीचशी अन्न तापवून वाळवतात आणि भुकटी देतात. खत चोवीस तासांत होत नाही. ती भुकटी ओली झाली की दोन दिवसांत बुरशी धरते आणि घाण वास सुटतो, रोपाला घातली तर मुळं करपतात. सोसायट्यांचे सेक्रेटरी तिची पोती घेऊन नर्सरीत विकायला यायचे. वडील मूठभर भुकटी भिजवून त्यांच्यासमोर ठेवायचे आणि परवा येऊन वास घ्या म्हणायचे. त्यातलेच काहीजण परत आले ते भुकटी विकायला नाही, तर ‘मग तुम्हीच काहीतरी करून द्या’ म्हणायला. आमची पहिली कामं अशी मिळाली: विजेच्या बिलाला कंटाळून बंद केलेली यंत्रं आणि त्यांच्याभोवती साठलेला कचरा.

आम्ही वीज न लागणाऱ्या जाळीच्या पेट्या ठेवतो. ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर सुक्या पाल्याचा किंवा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर, मधे जुन्या पेटीतलं अर्धवट तयार खत विरजण म्हणून. दोन-तीन दिवसांत पेटीच्या आतलं तापमान 55 ते 60 अंशांवर जातं. सकाळी फावड्यानं वरचा थर बाजूला केला की वाफ वर येते, आणि ती दाखवली की विरोध करणारे आजोबासुद्धा चष्मा पुसत पुढे वाकतात. पुढचं सगळं हाताचं आणि नाकाचं काम. मिश्रण मुठीत दाबायचं: पाणी ठिबकलं तर पाला वाढवा, लाडू वळला आणि बोटानं फुटला तर बरोबर, वळलाच नाही तर पाणी शिंपडा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे सुकं कमी पडलं. आंबूस, कुजकट वास म्हणजे हवा मिळत नाही, पेटी उलटवा. दीड-दोन महिन्यांत खत चाळायला येतं. शंभर किलो कचऱ्याचं साधारण वीस किलो खत होतं, बाकीचं बहुतेक पाणी आणि वायू होऊन जातं.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. हवा ओली, कचरा ओला आणि सुकं कुठे मिळत नाही. म्हणून आम्ही पाला फेब्रुवारी-मार्चमध्येच पोत्यात भरून ठेवतो. पर्जन्यवृक्षाची आणि सोनमोहराची पानं बारीक असतात, तशीच वापरता येतात. देशी बदामाची पानं चामड्यासारखी. ती तुकडे न करता टाकली तर दोन महिन्यांनी जशीच्या तशी निघतात. मुंबईत हा पाला आजही झाडून कोपऱ्यात पेटवला जातो. ते बघितलं की मला फार वाईट वाटतं, कारण जुलैत त्याच पाल्याच्या जागी आम्हाला कोकोपीट विकत घ्यावं लागतं.

या कामाचा कणा म्हणजे आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी. मुलुंडचं डंपिंग 2018 मध्ये बंद झालं. रहिवाशांना दिलासा मिळाला, पण तिथे कचरा वेचून घर चालवणाऱ्या बायकांचं काम गेलं. (आणि कचरा कमी झाला नाहीच, तो कांजूरच्या डंपिंगवर जायला लागला. तिथल्या वासाबद्दल विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या लोकांना विचारा.) स्त्री मुक्ती संघटनेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ‘परिसर विकास’मधून कचरावेचक महिलांना संघटित केलं, त्यांना खत करायला शिकवलं. ती वाट समोर होती, त्याच वाटेनं आम्ही गेलो. डंपिंगवर काम केलेल्या मावशींना प्लास्टिक शिकवावं लागत नाही. बाटली, डबा, पिशवी हातात घेतली, जरा चुरगाळली की आवाजावरून कुठल्या ढिगात टाकायची ते त्यांना कळतं. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, नुसती चीर द्या, हे घरोघरी सांगायची कल्पना त्यांचीच. तो इवलासा तुकडा कुणाच्या हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा, हेही त्याच सांगतात. ते हातानं उचलायची वेळ त्यांच्यावरच येते, त्यामुळे त्यांनी सांगितलेलं लोक ऐकतात.

एका सोसायटीत मावशींना लिफ्ट वापरायला मनाई होती. अकरा मजले डबे घेऊन जिन्यानं उतरावं लागायचं. आम्ही कमिटीशी बोललो, त्यांनी ऐकलं नाही, आम्ही ते काम सोडलं. आता करारातच लिहितो: लिफ्ट, हात धुवायला नळ, डबा खायला सावलीची जागा, हातमोजे. काही कमिट्यांना हे जास्तीचं वाटतं. मला ते वेतनाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

खत विकून हा धंदा चालतो का, असं नेहमी विचारतात. नाही चालत. सोसायटीच्या बागेला लागेल तेवढं खत तिथेच राहतं, उरलेलं नर्सरीतून जातं, त्यातून पोती आणि टेम्पोचा खर्च निघतो. धंदा चालतो घरामागे मिळणाऱ्या मासिक शुल्कावर. सुक्या कचऱ्याचे पैसे मावशींचे. पण पुठ्ठ्याचा भाव उतरला की तो महिना त्यांना जड जातो, म्हणून पगार ठरलेला आणि भंगाराचे पैसे वरचे, असं आम्ही ठेवलं आहे. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना भंगारवाला हात लावत नाही. ती आमच्या गाळ्यात साठतात.

मोठ्या सोसायट्यांना निदान नोटीस येते, जागा असते. मुंबईचा बराच भाग मात्र चाळी आणि तीन-चार मजली इमारतींचा आहे, जिथे दोन स्कूटर लावल्या की आवार संपतं. माझा सगळा जीव आता या कामात आहे. एका इमारतीला जमत नाही ते गल्लीला जमतं. घाटकोपरच्या जोशी लेननं नव्वदच्या दशकात हे करून दाखवलं आणि त्यावरून पालिकेनं एएलएमची, म्हणजे रहिवाशांनी आपापल्या गल्लीची स्वच्छता सांभाळायची, योजना शहरभर नेली. आम्ही मुलुंडच्या दोन गल्ल्यांत तसंच करतो आहोत. सहा-सात इमारतींत मिळून एकाच आवारात पेट्या. ज्यांची जागा, त्यांना शुल्क माफ. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची पानं आणि देवळातलं निर्माल्य तिथेच येतं. हारांमधले दोरे आणि प्लास्टिकचे मणी काढायला देवळातली मंडळी स्वतः बसतात.

राहिली शहाळी. ती पेटीत जिरत नाहीत आणि रिकामी पडली की पाणी साठून डास होतात. तुकडे करायचं यंत्र एका गल्लीला परवडणार नाही, म्हणून ते टेम्पोवर बसवून चार-पाच गल्ल्यांत आळीपाळीनं फिरवायचं आमचं ठरलं आहे. निघालेला काथ्या पावसाळ्यात पाल्याच्या जागी चालेल. यंत्राची ऑर्डर दिली आहे आणि शहाळेवाल्यांशी बोलणं झालं आहे. त्यांची एकच अट आहे, टेम्पो सकाळी गाडी लागायच्या आत यायला हवा. आता त्या वेळी येणारा ड्रायव्हर शोधतो आहोत.