दिवाळीनंतरचे वेळापत्रक

मुले घरीच शिकत असली तरी त्यांचे वर्ष जूनच्या मध्यावरच सुरू करण्याची सवय सुटत नाही. आमच्या फ्रिजवरच्या कागदावर साडेसहाला गणित, आठला न्याहारी आणि नऊला मराठी अशी शिस्तशीर मांडणी होती आणि पावसाळाभर ती बऱ्यापैकी पाळलीही गेली. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत मात्र सात वाजून गेल्यावर. हा तासाभराचा फरक कागद मानत नसला तरी मुलांची झोप मानते. दिवाळीनंतर साडेसहाचे गणित म्हणजे पांघरुणाशी झटापट होऊन बसले, म्हणून तो कागद उतरवला.

सकाळी आता उन्हात बसून वाचन होते आणि गणित दुपारी सासूबाईंच्या हाती गेले आहे. बाजारात मटार स्वस्त झाला की त्या परात घेऊन बसतात, धाकटी शेंगा सोलायला बसते आणि सोलता सोलता दोघींची पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे जुने पाढे, चालते. पाठ्यपुस्तकात अपूर्णांकांची बेरीज समच्छेद करून शिकवलेली आहे आणि तीही यायलाच हवी. पण अडीच पाव मटार म्हणजे किती ग्रॅम, हे तिने बोटांना चिकटलेली साल झटकत क्षणात सांगितले, तेव्हा पाऊणकीला वेळापत्रकात रीतसर जागा देणे भागच होते. (सासूबाईंचा दिडकीचा आग्रह मी तूर्त पुढे ढकलला आहे.)

मधेच घडी बदलली तर अभ्यास मागे पडेल, ही धास्ती नातेवाइकांना अधिक असते. थोरला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून दहावी करणार आहे. तेथे माध्यमिक स्तराला वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळतो, नोंदणी ५ वर्षे चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि एकेक विषय सवडीने सोडवता येतो. इतकी ऐसपैस मुदत हाताशी असताना नोव्हेंबरमध्ये तास हलवले म्हणून आभाळ कोसळत नाही. शाळेला घंटा लागते, कारण एका वर्गात कितीतरी मुले सांभाळायची असतात. दोन मुलांच्या घरात त्या घंटेचा मान किती राखायचा, हे घरानेच ठरवावे, असे मला वाटते.

दोन गोष्टी मात्र हलवल्या नाहीत. रोज एक पान शुद्धलेखन आणि रात्री मोठ्याने वाचन, मग पाहुणे असोत वा वीज गेलेली असो. विज्ञानाचे प्रयोग शनिवारी, कारण त्या दिवशी बाबा घरी असतात आणि ओट्यावरचा पसारा आवरायला एक माणूस जास्त मिळतो. हिंदीला नव्या कागदावर अजून जागा सापडलेली नाही. मकरसंक्रांतीपर्यंत तिची सोय लावायची, असे सध्या ठरले आहे.