आत्यांचा वाटा

आज फोंड्याला सबरजिस्ट्रार कार्यालयात आजोबांच्या भाटाचं, म्हणजे बागायती जमिनीचं, वाटणीपत्र नोंदवलं. बाबा आणि दोन्ही आत्या, तिघांना सारखा वाटा.

गोव्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि तो काल-परवाचा नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासूनचा आहे. आईवडिलांना मृत्युपत्र करूनही अर्ध्याच मालमत्तेची विल्हेवाट हवी तशी लावता येते, उरलेला अर्धा वारसांचाच. तरीही घरोघरी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतात, 'माहेर तुटायला नको' म्हणून. मला याची फार चीड येते. माहेर टिकवायची किंमत तिनंच का मोजायची?

बाबांनी मात्र तसा विषयच काढू दिला नाही. धाकट्या आत्यानं चष्मा लावून चतुःसीमा दोनदा वाचल्या, पूर्वेचा व्हाळ, म्हणजे ओढा, आपल्या हिश्श्यात येतो का ते विचारलं, मग सही केली. अंगठ्याची शाई पुसताना हात थरथरत होता तिचा. दोघींच्या यजमानांच्याही सह्या झाल्या. इथे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात.

आता मामलेदारांकडे फेरफाराचा अर्ज. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे इथल्या सातबाऱ्यावर, दोघींची नावं चढेपर्यंत मी पाठपुरावा सोडणार नाही.