आमची वाटचाल: गाडी कुठे उभी करणार?

आमचं दुकान गोव्यात डिचोलीत, आता काम कॅम्पर व्हॅनवर, म्हणजे आत राहता येईल अशा गाड्यांवर, सोलर बसवायचं. बाबांनी सुरू केलं तेव्हा काम एकच, खनिजाचे ट्रक. सेल्फ, डायनॅमो, हेडलाइट. लाल धूळ नखांतून कधी गेलीच नाही. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारोदार गवतात उभे राहिले. मग मिळेल ते केलं, इन्व्हर्टर, स्कूटरची वायरिंग, चवथीला माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या मांडवीची, लायटिंगसुद्धा.

पहिली कॅम्पर व्हॅन शेजारच्या बॉडीवाल्याकडून आली. छतावर 100 वॉटची 4 सोलर पॅनल, खाली 12 व्होल्टची लिथियम बॅटरी. "तू फक्त जोडून दे." चारही मी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडली. कागदावर हिशेब चोख होता: 72 व्होल्ट, साडेपाच अँपिअर, बारीक वायर पुरते, आणि पॅनलचे जादा व्होल्ट करंटमध्ये बदलून बॅटरी भरणाऱ्या डब्याची, एमपीपीटी कंट्रोलरची, मर्यादा 100 व्होल्ट. मालकाने गाडी मोरजीला माडांखाली लावली. तिसऱ्या दिवशी फ्रीज बंद.

जाऊन बघतो तर छतावर झावळ्यांची सावली हलतेय, घटकेत या पॅनलवर, घटकेत त्या. सिरीजमध्ये सगळ्यांतून करंट एकच. झाकलेलं पॅनल बायपास होतं, म्हणजे करंट त्याला वगळून जातो, व्होल्ट पडतात, कंट्रोलर चाचपडत बसतो. तिथेच छतावर चढून दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि त्या पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी, घेतल्या. करंट दुप्पट, म्हणून वायर जाड लागली. ती अर्थात माझ्या खिशातून.

घाम फुटला तो नंतर. मालक सहज म्हणाला, "पुढच्या खेपेला स्पिती." स्पिती म्हणजे हिमालयातली कडक थंडी, आणि पॅनल गार पडलं की व्होल्ट चढतात. लेबलवरचे उघडे व्होल्ट, म्हणजे काहीच न जोडता येणारे, 25 अंशांचे, चौघांचे मिळून 88. उणे 10 अंशांत सकाळचं पहिलं ऊन पडलं की तेच 97 च्या आसपास, आणखी गारठलं तर 100 ओलांडून कंट्रोलर जळायचा! माडांनी वाचवलं म्हणायचं.

तेव्हापासून गिऱ्हाईक "किती वॉट बसतील?" म्हणालं की मी आधी विचारतो, गाडी कुठे उभी करणार? एकच पॅनल, दिवे आणि पंखा, तर साधा, स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर घ्या म्हणतो. तो 18 व्होल्टचं पॅनल बॅटरीच्या 13 वर ओढतो, 100 वॉटचे जेमतेम 72 हाती लागतात. पण तेवढ्यावर भागत असेल तर जास्तीचे पैसे कशाला? बायकोला हा धंदा वाटत नाही.

एका पुरवठादाराने एमपीपीटी छापलेले 6 डबे दिले होते. हातात घेतले तेव्हाच हलके लागले. उघडले तर आत व्होल्ट बदलायला लागते ती कॉइलच नाही, निव्वळ पीडब्ल्यूएम. परत घेतले नाहीत. त्यातला एक उघडाच काउंटरवर ठेवलाय.

आता हाताखाली दोन मुलं आहेत. किनाऱ्यावरच्या गाड्यांना कथील चढवलेली वायरच घालतो, नाहीतर खाऱ्या हवेने वायरच्या टोकाला दाबलेल्या लगमध्ये हिरवं धरतं. कंट्रोलरच्या झाकणावर मार्करने लिहून देतो: "जोडताना बॅटरी आधी, काढताना पॅनल आधी." बाबा संध्याकाळी येऊन बसतात. सोलरमधलं मला काही कळत नाही म्हणतात, पण दाबलेला प्रत्येक लग एकदा ओढून बघतात. काल दोन निघाले.