चाळीस वर्षांचा व्रण उसवला तेव्हा

ड्रेसिंगच्या खोलीत मला बारा वर्षं झाली. पट्टी सोडवली की जखम भरतेय की नाही, ते बघताक्षणी कळतं. तळाला ओलसर, लालभडक, दाणेदार मांस दिसलं की जीव भांड्यात पडतो. या आजोबांच्या नडगीवरच्या जखमेत ते तीन आठवडे दिसलंच नव्हतं. पू नाही, वास नाही, साखर ठीक, पावलावरची नाडी हाताला नीट लागत होती. तरी तळ फिकट आणि कडा जिथल्या तिथे.

त्या दिवशी त्यांनी हळूच सदरा वर केला. "सिस्टर, हे पण जरा बघता? इथून रक्त येतंय."

पोटावर अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण होता, चाळीस वर्षांपूर्वीचा. तो जांभळा पडला होता आणि मधोमध बोटाच्या पेराएवढा उसवला होता. माझा हात थांबलाच.

सरांना बोलावलं. त्यांनी जखम नंतर पाहिली, आधी तोंड उघडायला लावलं. हिरड्या सुजलेल्या, बोट लागताच रक्त. मग भिंगातून पायावरचे केस पाहिले: मळसूत्रासारखे पिळलेले, मुळाशी लाल ठिपके. "आजोबा, जेवता काय?" आजी गेल्यापासून ते एकटे. दात थोडेच उरलेले, चावता येत नव्हतं, म्हणून कित्येक महिने दुधात पाव बुडवून खात होते. फळ नाही, भाजी नाही. तीन आठवडे मी त्यांची पट्टी बदलत होते आणि हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. त्याची खंत अजून आहे.

स्कर्व्ही. क जीवनसत्त्वाचा अभाव.

जखम भरतात त्या संयोजी ऊतींतल्या, म्हणजे शरीराचे भाग जोडून धरणाऱ्या ऊतींतल्या, फायब्रोब्लास्ट पेशी. दुखापतीनंतर दोन-चार दिवसांत त्या जखमेत सरकू लागतात आणि कोलॅजनचे धागे घालतात. त्यांतल्याच काही पुढे स्नायूसारख्या आकसून कडा जवळ ओढतात. कोलॅजन म्हणजे तीन पदरी दोर. त्याचा पीळ घट्ट बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की पेशी जागेवर असूनही दोर कच्चा राहतो, पेशीबाहेर नीट पडतही नाही.

पण मिटलेला व्रण का उघडावा? सरांनी सांगितलं ते मी विसरणार नाही. व्रणातलं काम कधीच थांबत नाही. जुनं कोलॅजन मोडत राहतं, पेशी नवं विणत राहतात. आजोबांच्या पोटावर मोडणं चालू होतं, विणणं बंद पडलं होतं. ब्रिटिश नौदलाचे अधिकारी अॅन्सन यांच्या १७४० ते १७४४ च्या सागरी सफरीच्या वृत्तांतातही असा एक खलाशी आहे: १६९० च्या लढाईतली त्याची जखम पन्नास वर्षांनी स्कर्व्हीत पुन्हा उघडली.

रक्त तपासणीला गेलं, गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. फळं किसून, भाज्या मऊ शिजवून कशा खायच्या ते मी लिहून दिलं. काही दिवसांतच हिरड्यांचं रक्त थांबलं. पोटावरची चीर आधी मिटू लागली, नडगीला वेळ लागला.

दोन आठवड्यांनी नडगीवरचं गॉझ उचललं, तर तळावर रक्ताचे बारीक थेंब उमटले. नवं मांस असंच असतं, नाजूक केशवाहिन्यांनी भरलेलं, जरा धक्का लागला की रक्त येतं. आजोबा घाबरून माझ्याकडे बघायला लागले.

"आजोबा," मी म्हटलं, "याचीच तर वाट बघत होतो आपण."