बरणी कोण उघडतं?

भाकरी थापताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली, त्याला दोन वर्षं झाली. मी आपली पीठ सैल मळायची, भाकरी लहान करायची. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. पहिल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रिपोर्ट चांगले आले, "वय झालंय" म्हणून गोळ्या दिल्या. सत्तरीत हे मला सांगायची गरज नव्हती. माझा हात त्यांनी हातात घेतलाच नाही, हे मात्र खटकलं.

शेवटी सून राजारामपुरीत एका फिजिओथेरपिस्टकडं घेऊन गेली. पोरगी चुणचुणीत. आधी फॉर्म दिला: किल्ली फिरवणं, बरणीचं झाकण काढणं, ओला कपडा पिळणं, बटण लावणं, त्रास किती? मी जन्मभर शाळेत पेपर तपासलेली बाई. दोन मिनिटांत सगळीकडं 'काहीच नाही'वर खूण करून मोकळी!

तिनं वाचलं आणि विचारलं, "काकू, घरातली बरणी तुम्ही शेवटची कधी उघडली?"

सून खाली बघून हसली. चटणीची बरणी नातू उघडतो. कपडे मशीन पिळतं. कुलूप सून लावते. साडीची पिनसुद्धा नात लावून देते. त्रास होत नव्हता, कारण ती कामं मी करतच नव्हते. फॉर्म पुन्हा भरला, तेव्हा निम्म्याहून जास्त खुणा सरकल्या.

मग तिनं एकेक पेर दाबून पाहिलं. बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर माझ्या टणक गाठी आहेत. त्यांना हेबर्डनच्या गाठी म्हणतात. अठराव्या शतकातल्या या इंग्रज डॉक्टरनं तेव्हाच लिहून ठेवलं होतं की यांचा गाऊटशी, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे दुखतात त्या आजाराशी, संबंध नाही. आणि इथं शेजारणीनं 'युरिक ॲसिड हाय' म्हणून सहा महिने माझी डाळ बंद केलेली! बोटांच्या मुळाशी पंजा आडवा दाबला, तिथं काही दुखलं नाही. आमवातात बहुधा तिथं दुखतं म्हणे. अंगठ्याचं हाड दाबून जरासं फिरवलं मात्र, करकर झाली आणि तोंडातून "आई गं" निघालं. अंगठा करंगळीच्या मुळापर्यंत पोचेना.

त्यानंतर मूठ आवळायचं यंत्र, डायनॅमोमीटर. खुर्चीत बसून, कोपर काटकोनात ठेवून तीन वेळा दाबायचं. "दाबा की जोरात, काकू!" काटा १३, १५, १४ किलोवर थांबला. आशियाई बायकांत १८ किलोच्या खाली ताकद कमी धरतात. एके काळी गुळाचा १० किलोचा रवा सहज उचलणारी मी, गप्प बसले. किल्ली धरतो तशी चिमट वेगळ्या यंत्रावर मोजली, ती तर फारच लाजिरवाणी.

सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात, याला मी "बराच" म्हणाले होते. ते चाललं नाही. घड्याळ लावून आठ दिवस वहीत लिहायला सांगितलं. उठायचं, दूध तापत ठेवायचं, मूठ पुरी वळली की वेळ लिहायची. १५, २०, १० मिनिटं. अर्ध्या तासावर एकदाही गेलं नाही. तासाभरापेक्षा जास्त लागलं असतं, तर आमवाताचा संशय घेऊन पुढच्या तपासण्या झाल्या असत्या. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यातली फट अरुंद झालेली दिसली. म्हणजे झीज.

आता भाकरी थापून झाली की अंगठ्याला पट्टा लावते, दिवसातून दोनदा व्यायाम करते. तीन महिन्यांनी पुन्हा तोच फॉर्म आणि तेच यंत्र.

परवा नातू बरणी घ्यायला आला, त्याला म्हटलं, थांब. झाकणावर रबरी फडकं धरून फिरवलं. दुसऱ्या खेपेला उघडलं, पण कळ मनगटापर्यंत गेली. फॉर्मात 'बराच त्रास' लिहायचं आहे.