नावाशेजारचा एवढासा झेंडा

ऑनलाइन बुद्धिबळाच्या कुठल्याही साइटवर अकाउंट काढा, नाव पासवर्ड वगैरे झालं की प्रोफाइलमध्ये एक रकाना असतोच, देश. तिथे बोट लावलं की अफगाणिस्तानपासून झिम्बाब्वेपर्यंत सगळी जत्रा खाली उघडते आणि त्यातला एक झेंडा निवडला की तो तुमच्या नावाशेजारी जाऊन बसतो, शेंगदाण्याएवढा. बास. आधार नको, पासपोर्ट नको, लाइट बिलाची झेरॉक्स नको. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर असं सगळं गोळा करत सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहण्यात आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा पचायलाच जड जातं, की कोणीतरी नुसतं विचारतंय तुमचा देश कुठला, आणि आपण सांगू ते खरं धरतंय.

मी तिरंगा लावलाय. त्यात काही विचारबिचार नव्हता, भारतात राहते, भारताचा झेंडा. पण सगळे असं करत नाहीत हे मला आमच्या गल्लीतल्या पोरांमुळे कळलं. एकाने जपान लावलंय कारण तो दिवसभर जपानी कार्टून बघतो (कार्टून म्हटलेलं त्याला आवडत नाही, अ‍ॅनिमे म्हणायचं). दुसऱ्याने अर्जेंटिना, आणि त्याचं कारण कोल्हापुरात कुणी विचारतही नाही. फुटबॉलचा वर्ल्डकप आला की आमच्याकडे पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे एवढाले बॅनर लागतात की नवख्या माणसाला वाटावं इथून पुढे दक्षिण अमेरिका सुरू. आणि हीच पोरं एरवी पाटाकडील की खंडोबा या आमच्या तालमींच्या फुटबॉल टीमवरून एकमेकांशी आठ आठ दिवस बोलत नाहीत. त्या लिस्टमध्ये तालमींचे झेंडे असते ना, तर तिरंगा, जपान, अर्जेंटिना सगळे बाजूला राहिले असते हे मी लिहून देते.

त्या अर्जेंटिनावाल्याला मी एकदा विचारलं, अरे आपला का नाही लावत? तर म्हणतो, "काकू, आपल्या झेंड्यावर खेळून हरलो की कसंतरीच वाटतंय ओ. अर्जेंटिना हरली तर मेस्सी बघून घेईल." मला हे फार पटलं. मीही तिरंगा लावून कितीतरी वेळा वजीर फुकट घालवलाय आणि दर वेळी क्षणभर असं वाटतं की हे समोरच्या पोलंडवाल्याने फक्त माझं नाही, एकशे चाळीस कोटींचं बघितलं. आमचा झेंडा असा, आमची चाल अशी. त्या पोलंडवाल्याच्या मनातही नसेल, तो पुढच्या गेमला गेलासुद्धा.

पण हल्ली त्या छोट्या तिरंग्याचं वजन वाढलंय हे नक्की. 2024 मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडला आपल्या मुलांनीही सुवर्ण आणलं आणि मुलींनीही, त्याच वर्षी डिसेंबरात गुकेश अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला, आणि 2025 च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला फायनलमध्ये कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्डकप घेतला. तेव्हापासून अकराशे रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) माझ्यासारख्या बाईसमोरही लोक जरा जपून खेळतात, कारण सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की भारताचा झेंडा आणि कमी रेटिंग म्हणजे पलीकडे चेन्नईतला नऊ वर्षांचा पोरगा दूध पीत बसलाय आणि तो आपल्याला सतराव्या चालीत मात देणार. एकाने तर मला चॅटमध्ये विचारलं, हाऊ ओल्ड आर यू. मी काही उत्तर दिलं नाही. भीती राहू दे म्हटलं.

बरं तो झेंडा दिसतो तरी केवढा. अशोकचक्राचे चोवीस आरे मोजायला चार फूट झेंडा लागतो, इथे मोबाइलवर चक्र म्हणजे नुसता निळा ठिपका. आणि पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरचा झेंडा वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, फक्त मधला ठिपका केशरी. चष्म्याशिवाय खेळणाऱ्यांनी सावध असावं, आपला माणूस म्हणून चॅटमध्ये हाय हॅलो करायला जायचो आणि तो निघायचा नायजरच्या राजधानीतला, नियामेचा. शिवाय सर्चमध्ये नुसतं इंडिया टाइप केलं की कित्येक ठिकाणी भारताच्या मागेपुढे ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी नावाचं प्रकरणही येतं, म्हणजे ती चागोस बेटं, जिथे दिएगो गार्सियाचा लष्करी तळ सोडला तर माणूस नाही. तिथला झेंडा लावून फिरणारे पाच सहा जण मला आजवर भेटलेत आणि सगळेच्या सगळे तिथले सैनिक असतील असं काही मला वाटत नाही. बोट घसरलं असणार, नाहीतर लाटा आणि ताडाचं झाड बघून आवडला असणार.

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवरची लिस्ट तर अजून मजेशीर आहे. तिथे देश आहेतच, पण स्कॉटलंड वेगळं, कॅटलोनिया वेगळं, क्युबेक वेगळं. एस्परान्तो या भाषेचा हिरवा झेंडा आहे, म्हणजे जिला देशच नाही अशा भाषेचा. चाच्यांचा कवटीवाला आहे. आणि एक पांढरा निळा पांढरा पट्ट्यांचा आहे, तो मला बरेच दिवस कळेना कुठला, नंतर समजलं की युक्रेनवरच्या हल्ल्याला विरोध असलेले रशियन तो लावतात, त्यांच्या झेंड्यातला लाल पट्टा काढून टाकलेला. हे कळल्यापासून तो समोर आला की मी जरा सावरून बसते. रात्री अकराला गादीवर लोळत खेळताना समोरचा एवढं काही सांगून बसलाय म्हटल्यावर निदान नीट तरी खेळावं.

भारतातल्या कुठल्या राज्याचा मात्र मला तिथे दिसला नाही. असता तरी महाराष्ट्राचा कुठला ठेवणार, आपल्याला राज्याचा असा अधिकृत झेंडाच नाही. भगवा म्हणाल तर त्यावर कुणाकुणाचा हक्क यावरून आधी कॉमेंटमध्ये पानिपत होईल आणि खेळ राहील बाजूला.

माझा भाऊ जर्मनीत असतो, श्टुटगार्टला, त्याची मुलगी तेरा वर्षांची. तिचा झेंडा दर महिन्याला वेगळा. कधी जर्मनी, कधी भारत, मध्ये एकदा युरोपियन युनियनचे तारे होते. मी विचारलं तर वैतागली, "आत्या, जर्मनीचा लावला की आजोबा विचारतात आपला का नाही, आणि इंडियाचा लावला की क्लबमधली मुलं म्हणतात तुला हिंदी कुठे येतं." हिंदी! आता त्या पोरांना मराठी काय असतं ते कोण सांगणार. वर तिच्या घरी हाच विषय खऱ्या कागदांवर चालू आहे. जर्मनीने जून 2024 पासून दोन दोन नागरिकत्वं चालवून घ्यायला सुरुवात केली, पण आपला कायदा नाही म्हणतो, जर्मन पासपोर्ट घेतला की भारताचा परत करायचा आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर समाधान मानायचं. भाऊ आणि वहिनी दीड वर्ष झालं त्यावर नुसती चर्चा करतायत, एकदा फॉर्म भरून ठेवला आणि परत फाडला. पोरगी तेच काम महिन्याला एकदा दोन क्लिकमध्ये करते. सध्या कवटीवाला लावलाय.

खऱ्या स्पर्धांत मात्र हे असं दोन क्लिकमध्ये होत नाही, तिथे फेडरेशन, म्हणजे ज्या देशाच्या संघटनेकडून खेळतो ती, बदलायचं म्हणजे अर्ज, फी, वाट बघणं सगळं आलं. अलिरेझा फिरोजा इराणचा, 2019 च्या अखेरीस इराणने आपले खेळाडू मॉस्कोच्या स्पर्धेतून काढून घेतले, इस्रायलच्या खेळाडूसमोर बसायला लागू नये म्हणून, तर हा सोळा वर्षांचा मुलगा इराण सोडून फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, झेंड्याखाली खेळला आणि पुढे 2021 मध्ये फ्रान्सचा झाला. मध्ये जवळजवळ दीड दोन वर्षं त्याच्या नावापुढे देश नाहीच, संस्थेचा लोगो. अनिश गिरी जन्मला सेंट पीटर्सबर्गला, वडील नेपाळी, आई रशियन, खेळतो नेदरलँड्सकडून. ह्याच्या नावाशेजारी जागा एकच, आणि गोष्ट सांगायला लागलं तर तीन झेंडे कमी पडतील.

आणि मग मला वाटायला लागतं की आपण समोरचा झेंडा बघून जे काही ठरवतो ते बहुतेक वेळा चुकतंच असणार. समजा पोर्तुगालचा झेंडा आला. आपण लगेच लिस्बन, रोनाल्डो वगैरे. पण 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, आणि ते घेऊन कितीतरी गोंयकार इंग्लंडात गेले, स्विंडनला तर त्यांची चांगली मोठी वस्ती आहे. म्हणजे झेंडा पोर्तुगालचा, माणूस बसलाय इंग्लंडात, आणि शेजारी त्याची आई फिश करीवरून कोकणीत ओरडतीये, हे अगदी शक्य आहे. इस्रायलचा झेंडा आला तर पलीकडे अलिबागकडून गेलेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरातला कोणी असेल, ज्याची आजी मराठीत हिशेब करते. मॉरिशसचा चार पट्ट्यांचा आला तर, तिथे तर गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, मराठी मंडळी एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यात कामाला गेलेली. मी मॉरिशसवाल्याला चॅटमध्ये एकदा नमस्कार टाकला होता. त्याने मला थंब्स अप टाकला आणि घोडा मारला.

हे सगळं आमच्या सासऱ्यांपर्यंत पोचलं ते वेगळ्याच वाटेने. अण्णा निवृत्त भूगोलाचे शिक्षक. त्यांनी माझ्या फोनवर तिरंगा बघितला, आनंद झाला, आणि दुसऱ्याच मिनिटाला चेहरा गंभीर. म्हणाले, "हा फोन घेऊन तू, म्हणजे लोक, संडासातबिंडासात जातात ना?" मी गप्प. मग 1971 चा राष्ट्रीय प्रतिष्ठेचा कायदा, 2002 ची ध्वजसंहिता, खादी, पॉलिस्टर, रात्री फडकवायचा की नाही, असं सगळं व्हरांड्यात बसून झालं. ध्वजसंहितेत बुद्धिबळाच्या अ‍ॅपबद्दल काही नाही असं मी म्हटलं तर म्हणाले, लिहिणाऱ्यांना वाटलं नसेल लोक या थराला जातील.

पण खेळायची हौस त्यांनाही आली, म्हणून मी त्यांचं अकाउंट काढायला बसले. देशाचा रकाना आला आणि मी झपकन इंडियाच्या 'I' वर जाणार तेवढ्यात त्यांनी हात धरला. थांब, वरून सगळे बघू. आणि मग अर्धा पाऊण तास अण्णा एकेक नाव वाचत खाली. बुर्किना फासो आला तर हा पूर्वीचा अपर व्होल्टा, 1984 मध्ये नाव बदललं. झेकोस्लोव्हाकिया कुठे गेला ते माहीत असूनही एकदा शोधून बघितला. एस्वातिनीवर अडले, हा कुठला नवीन, मी गुगल केलं, स्वाझीलंड, 2018 पासून. "मी तर पोरांना स्वाझीलंडच शिकवला," म्हणाले, जणू पोरांना बोलावून परत सांगायला लागणार आहे. आइसलँड झालं, भारत आला, तिरंगा लागला. पण लिस्ट थांबली नाही, दक्षिण सुदान (2011) आणि तिमोर-लेस्ते (2002) बघूनच उठले.

आता ते रोज संध्याकाळी खेळतात. दहा मिनिटांचा गेम लावतात आणि समोरचा झेंडा आला की पहिली दोन मिनिटं राजधानीत जातात. परवा कझाकस्तानचा आला. "आधी अल्माटी, मग अस्ताना, मग 2019 ला नूर-सुलतान केलं, 2022 ला परत अस्ताना," हे माझ्या मुलाला नीट पाठ होईपर्यंत घड्याळ चालूच, एक हत्ती जास्त असून वेळ संपल्यामुळे हरले. मी म्हटलं अण्णा, अहो निदान आधी चाल तरी खेळा. तर म्हणाले, अगं पण तो उद्या येईलच असं नाही ना, पुढचा कुठला असेल काय माहीत, आणि नवीन गेम लावला, तर आला तुवालू.