बाथरूममधल्या दोन दांड्या आणि बारा दिवस

आई न्यूमोनियाने अकरा दिवस ॲडमिट होती, वय 76. डिस्चार्ज, बिल सगळं नीट झालं, त्याबद्दल काही लिहायचं नाहीये. लिहायचंय ते आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ऑफिसबद्दल, कारण तो राग अजून गेला नाही.

फिजिओने निघताना सांगितलं होतं, पडून पडून पायातली ताकद गेलीय, कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्के ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायच्या दांड्या, लावून घ्या. मी दुसऱ्याच दिवशी स्टीलचे दोन आणले, प्लंबरही ठरवला, तर वॉचमनने त्याला गेटवरूनच परत पाठवला. ड्रिलिंगला परवानगी लागते म्हणे.

ऑफिस उघडतं संध्याकाळी सात ते आठ. पहिल्या दिवशी फॉर्म संपलेले. दुसऱ्या दिवशी मिळाला, तर बाथरूमचं काम म्हणून वॉटरप्रूफिंगची हमी, खालच्या फ्लॅटवाल्यांची सही आणि वर डिपॉझिट. अहो, भिंतीला आठ भोकं पाडायचीत, लादी उखडायची नाहीये, हे मी तीनदा सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, नियम सगळ्यांना सारखा, रविवारी कमिटीपुढे ठेवतो." खालचे लोक गावी गेलेले, आणि रविवारी मीटिंगला माणसंच जमली नाहीत. म्हणजे पुढचा रविवार.

नवव्या दिवशी पहाटे आई कुणाला न उठवता बाथरूमला गेली. कमोडवरून उठताना हात घातला टॉवेलच्या रॉडला आणि रॉड स्क्रूसकट बाहेर. बाजूला वॉशिंग मशीन होतं म्हणून त्यावर रेलली, नाहीतर काय झालं असतं विचार करवत नाही. मी धावले तेव्हा रॉड तिच्या मुठीतच होता, भिंतीतली सिमेंटची भुकटी तिच्या पावलांवर पडलेली, आणि ती म्हणते, "अगं, तुमचा रॉड मोडला." टॉवेल रॉड, नळ, बेसिन, कशाचाही आधार घेऊ देऊ नका. व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या दांड्याही नकोत, वजन आलं की सुटू शकतात.

त्याच दिवशी डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून आणल्या, डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स जोडली, अर्ज दोन प्रतीत केला आणि ऑफिसात म्हटलं, माझ्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का आणि तारीख टाकून द्या. एवढे दिवस जे हलत नव्हतं ते शिक्का मागितल्यावर हललं, बाराव्या दिवशी परवानगी हातात, काम चाळीस मिनिटांत. हे पत्र पहिल्या दिवशीच न्या. त्याहून बरं म्हणजे पेशंट हॉस्पिटलात असतानाच अर्ज टाका, घरी आल्यावर उशीर झालेला असतो.

डॉक्टरांकडे गेले म्हणून आणखी एक कळलं. आई उठल्यावर गरगरतं म्हणायची, आम्ही समजत होतो अशक्तपणा. त्यांनी पाच मिनिटं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. झोपून वरचा आकडा 138, उभ्याने 112. 20 किंवा जास्त उतरला तर तोल जायची भीती असते. गोळीचा डोस त्यांनी बदलला, आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आणि हो, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री छोटा दिवा चालू ठेवा, पायपुसणं काढून टाका, स्लिपर मागून पट्टा असलेली घ्या.

आता आई पलंगाच्या काठावर बसते, पावलं वरखाली हलवते, पन्नास आकडे मोठ्याने मोजते आणि मग उठते. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते.